नाईक यशवंत घाडगे (व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर): माहितीफलकावर नेमकं काय लिहावं?

दक्षिण_रायगडकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर यशवंत घाडगे यांच्या पराक्रमाचा कायमस्वरूपी फलक लावायचं ठरलं आहे. मजकूर गोळा करायला घेतला, तर पाच ठिकाणी पाच गोष्टी सापडल्या. कुठे 'परमवीर' लिहिलंय, कुठे 'बर्मा आघाडीवर'. कुठे तुकडीतले सगळे साथीदार मारले गेले असं आहे, कुठे एकट्याने डझनभर जर्मन मारले असं. जिल्ह्याचं नाव कुलाबा दिसलं म्हणून एकाने त्यांना चक्क मुंबईचे करून टाकलंय. दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही, म्हणून आधी इथे विचारतो.

१. जन्म, गाव, हुद्दा, पलटण, तारीख यांची खात्रीची नोंद कोणती?
२. त्या दिवशी नेमकं काय घडलं आणि त्यातलं किती फलकावर लिहावं?
३. त्यांची समाधी किंवा कबर इटलीत आहे का?
४. फलक दगडाचा करावा की धातूचा? साधारण १५० शब्दांचा मजकूर धरला आहे.

जुना_दप्तरी

आधी पहिला प्रश्न, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

नाव यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, पळसगाव-आमडोशी, आजचा माणगाव तालुका. हुद्दा नाईक, म्हणजे ब्रिटिश पलटणीतल्या कॉर्पोरलच्या बरोबरीचा. खांद्यावर जबाबदारी एका सेक्शनची, म्हणजे दहाएक माणसांच्या तुकडीची. पलटण ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, तिची ३ री बटालियन. लष्करी कागदांत हे ३/५ असं लिहितात. याचा अर्थ 'पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन'. बरेच जण हे उलटं वाचून 'तिसऱ्या मराठाची पाचवी बटालियन' करतात, ते टाळा. रेजिमेंटच्या नावातला '५ वी' हा आकडा १९२२ च्या फेररचनेत आला आणि पुढे गेला. म्हणून १९४४ बद्दल लिहिताना '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' हेच बरोबर.

पराक्रमाची तारीख १० जुलै १९४४, तीच मृत्यूची. वय २२. ठिकाण इटली, तिबर नदीचं वरचं खोरं. बर्माचा काही संबंध नाही. सन्मानाची घोषणा लंडन गॅझेटच्या (ब्रिटिश सरकारच्या राजपत्राच्या) पुरवणीत २ नोव्हेंबर १९४४ रोजी झाली. या दोन तारखांची अदलाबदल फार होते. फलकावर १० जुलै ठळक हवी. गॅझेटची तारीख द्यायची तर शेवटी, लहान अक्षरात.

कुलाब्याचा घोळ सोपा आहे. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. त्यामुळे त्या काळच्या सगळ्या सैनिकी नोंदींत 'जिल्हा कुलाबा' असतं. मुंबईतलं कुलाबा वेगळं. फलकावर 'तत्कालीन कुलाबा, आताचा रायगड' असं लिहा, पुढच्या पिढीला जुनी नोंद शोधताना उपयोग होईल.

आता 'परमवीर'. परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० ची, १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते लागू. १९४४ च्या पराक्रमाला ते मिळणं शक्यच नाही. घाडगे यांना मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च युद्धशौर्य सन्मान. तो १८५६ मध्ये सुरू झाला, भारतीय शिपायांना खुला झाला १९११ मध्ये. फलकावर चित्र द्यायचं असेल तर नीट बघून द्या. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे कांस्याचा पसरट बाहूंचा क्रॉस, रुंदी साधारण ३६ मिमी, मध्ये मुकुटावर उभा सिंह, खाली 'फॉर व्हॅलर' ही अक्षरं, फीत किरमिजी लाल. परमवीर चक्र गोल आणि त्याची फीत जांभळी. चित्रकाराला नुसतं 'सर्वोच्च शौर्यपदक' सांगितलं तर तो परमवीरचं चित्र उतरवून देणार, हे गृहीत धरा.

इंटरनेटवर शोधताना आणखी एक अडचण येईल. त्या काळच्या इंग्रजी कागदांत मराठा हा शब्द एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत आणि यशवंत हे नाव वाय-ई-एस-एच असं सुरू होतं. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर बऱ्याचदा काहीच हाती लागत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधताना आडनाव घाला, युद्ध 'दुसरं महायुद्ध' निवडा, सैन्य 'भारतीय' निवडा आणि पहिलं नाव रिकामं ठेवा. पहिल्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी यादी कोरी येते. त्या नोंदीचा छापील उतारा काढून फलकाच्या फाइलीत लावून ठेवा. दहा वर्षांनी कोणी शंका काढली तर दाखवायला हाताशी असेल.

पायदळ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र (लष्करात सगळे सायटेशनच म्हणतात) हाच या घटनेचा मूळ लेखी पुरावा. ते लहान आहे, जेमतेम सहासात वाक्यांचं. त्यातला क्रम असा: घाडगे यांची कंपनी शत्रूच्या मजबूत मोर्चावर हल्ला करत होती. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा जबर मारा झाला आणि सेक्शनप्रमुख सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. क्षणही न दवडता घाडगे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. आधी एक ग्रेनेड टाकला, त्याने गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमीगनने (हातात धरून चालवायची छोटी मशीनगन) गनच्या चमूतल्या एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारून संपवलं. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जो मोर्चा त्यांनी जिंकला, त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला.

म्हणजे गनवर चार माणसं. डझनभर नाहीत. आणि साथीदार 'ठार किंवा जखमी', सगळे ठार नाहीत. हे दोन मुद्दे फलकावर बरोबर हवेतच. जखमी झालेल्यांनाही मृत म्हणून कोरणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आता हे घडलं कसं, ते शस्त्रांच्या अंगाने बघा. त्याशिवाय या चार ओळींचं वजन कळत नाही.

सेक्शन म्हणजे कागदावर दहा माणसं: एक प्रमुख, सहा रायफलवाले आणि ब्रेनगनचा (हलक्या मशीनगनचा) तिघांचा गट. प्रत्यक्ष लढाईत सहसा सातआठच उरलेले. मशीनगनचा मोर्चा समोर आला तर शिकवलेली पद्धत ठरलेली होती. ब्रेनगटाने समोरून मारा करून शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही. तेवढ्यात रायफलगटाने बगलेने जवळ जायचं, ग्रेनेड टाकायचा आणि संगिनी लावून आत उडी घ्यायची. या पद्धतीचा कणा म्हणजे आच्छादक मारा. तो थांबला तर बगलेने जाणारा माणूस उघडा पडतो. इथे पहिल्याच फैरीत पूर्ण सेक्शन आडवं झालं. ना आच्छादन, ना बगल. प्रमुखासमोर दोनच वाटा उरल्या. जमिनीला चिकटून मागच्या प्लाटूनची वाट बघायची, किंवा एकट्याने पुढे जायचं. चिकटून राहिलं तर तीच गन मागून येणाऱ्यांना कापणार.

ग्रेनेड होता ३६ नंबरचा, ज्याला सगळे मिल्स म्हणतात. वजन पाऊण किलोच्या आसपास. पिन काढून हातातून सोडला की लिव्हर उडते आणि साधारण चार सेकंदांनी फुटतो. चांगला फेकणारा तो पंचवीसतीस मीटर टाकतो. धावत, गोळीबारात आणि चढावर असताना त्याहून बरंच कमी. यात चुका तीनच, पण तिन्ही जीवघेण्या. लांबून टाकला तर मोर्चाच्या काठाला आपटून उतारावरून परत घरंगळतो. फार लवकर टाकला तर शत्रूला तो उचलून बाहेर भिरकावायला वेळ मिळतो. आणि टाकल्यावर आडोसा न घेता उभं राहिलं तर स्वतःलाच तुकडे लागतात, कारण याचे तुकडे फेकीच्या अंतरापेक्षा कितीतरी लांब जातात. घाडगे यांचा ग्रेनेड गनवर पडला आणि गन बंद झाली. त्या क्षणी उरलेले तिघे बधिर झाले असणार, पण ती अवस्था काही सेकंदांचीच असते. सावरण्याआधी आत शिरलं तरच निभाव लागतो. घाडगे शिरले.

टॉमीगन म्हणजे थॉमसन. .४५ ची गोळी, मॅगझिन वीस किंवा तीस गोळ्यांचं, वेग मिनिटाला साधारण सातशे. बोट दाबून धरलं तर वीस गोळ्या दोन सेकंदांच्या आत संपतात, तीस अडीचएक सेकंदांत. म्हणून थोड्या थोड्या गोळ्या सोडायला शिकवत. तिचं मॅगझिन नुसतं खोबणीत ढकलून बसत नाही. त्याच्या पाठीवर एक उभी कड असते, ती गनच्या खाचेत नीट जुळवून वर सरकवावी लागते. अंगठ्याने खटका दाबायचा, रिकामं मॅगझिन खाली ओढायचं, थैलीतून दुसरं काढायचं, कड खाचेत लावायची, वर ढकलायचं. सरावलेल्या हातालाही तीनचार सेकंद लागणारच. हातभर अंतरावर दोन माणसं असताना ते तीनचार सेकंद नसतात. पण गन रिकामी झाली तरी तिचं वजन पावणेपाच किलोच्या वर आणि मागे लाकडी दस्ता. सायटेशनमधलं 'मॅगझिन बदलायला वेळ नव्हता' हे एवढं वाक्य वाचलं की दोन सेकंदांत घेतलेला निर्णय डोळ्यांपुढे येतो. माझ्या मते फलकावर हे वाक्य जसंच्या तसं असावं. त्यावर 'सिंहासारखे तुटून पडले' वगैरे चढवायची काही गरज नाही.

दक्षिण_रायगडकर

दोघांचेही मनापासून आभार. 'ठार किंवा जखमी' हे आमच्या मसुद्यात चुकलं होतंच, दुरुस्त केलं.

तीन उपप्रश्न. गन एमजी-४२ होती असं लिहायचं का? मोर्चा जिंकल्यावर गोळ्या कशा लागल्या, असं शाळेतली मुलं नक्की विचारतील. आणि समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं आहे की हा सन्मान इंग्रजांचा, मग आपण फलक का लावायचा? त्यांना काय उत्तर द्यावं?

पायदळ

एमजी-४२ लिहू नका. सायटेशनमध्ये फक्त 'मशीनगन' आहे. १९४४ च्या इटलीत जर्मन पायदळाकडे ती गन मोठ्या प्रमाणावर होती हे खरं, पण एमजी-३४ सुद्धा वापरात होती. फलकावर अंदाज कोरू नये. व्याख्यानात सांगायचं तर सांगा: एमजी-४२ चा वेग मिनिटाला १२०० च्या घरात, म्हणजे सेकंदाला वीस गोळ्या. जवळून अशी एक झोड आली तर अख्खं सेक्शन एका दमात कसं कोसळतं ते मुलांना समजेल.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. जर्मन संरक्षणात मशीनगनचा मोर्चा कधी एकटा नसायचा. शेजारचे मोर्चे आणि मागे लपलेले स्नायपर अशा बेताने बसवलेले असत की एका मोर्चावर कोणी चढला तर तो दुसऱ्याच्या नेमक्या टप्प्यात यावा. आपलाच मोर्चा शत्रूच्या हाती गेल्यावर त्यावर कुठून आणि किती अंतरावरून नेम धरायचा, हे त्यांनी आधीच बघून ठेवलेलं असे. शिवाय मोर्चाची माती आणि दगड पुढच्या बाजूला रचलेले असतात, मागची बाजू उघडी. आत शिरलेला हल्लेखोर त्या उघड्या बाजूने दिसतो. म्हणूनच मोर्चा घेतल्यावर लगेच खाली बसायचं, तोंड फिरवायचं, आणि मागच्या माणसांना आत ओढून पुढच्या प्रतिहल्ल्यासाठी मांडणी करायची, असा शिरस्ता असतो. मागून ओढायला माणूसच नसेल तर हे सगळं एकट्यावर येतं. छातीत आणि पाठीत अशा दोन्हीकडून गोळ्या लागल्या, यातच काय ते आलं.

तिबरकाठ

इटलीबद्दल आणि समाधीबद्दल सांगतो.

४ जून १९४४ ला रोम पडलं. त्यानंतर जर्मन सैन्य पळालं नाही, ते टप्प्याटप्प्याने मागे सरकत होतं. उत्तरेला आपेनाइन डोंगरांत गॉथिक लाइन नावाची मोठी संरक्षणफळी उभी राहत होती. ती तयार होईपर्यंत दोस्तांना शक्य तितकं रखडवायचं, हा त्यांचा हेतू. २० जूनला पेरुजा घेतलं गेलं. तिथून वर तिबरच्या खोऱ्यात १० वी भारतीय डिव्हिजन उतरली. ३/५ मराठा याच डिव्हिजनमध्ये. डिव्हिजनचे कमांडर मेजर जनरल डेनिस रीड. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत ते स्वतः ३/५ मराठाचेच कमांडिंग ऑफिसर होते, तेव्हा ही पलटण त्यांना आतून बाहेरून ठाऊक होती.

या खोऱ्यात तळाशी नदी आणि रस्ता, दोन्ही अंगांना डोंगराचे सोंडे, सोंड्यांवर दगडी गावं. रस्त्याने सरळ गेलं तर दोन्ही बाजूंच्या माथ्यांवरून मारा. म्हणून एकेक सोंडा पायदळाने चढून घ्यावा लागे. रणगाडे वर चढत नसत, दारूगोळा आणि पाणी खेचरांवर. जर्मन एक सोंडा दोनतीन दिवस धरत आणि रात्रीतून पुढच्या सोंड्यावर जात. उंबेर्तिदे, मोन्तोने, मग वर चित्ता दी कास्तेल्लो, हा जुलै महिन्यातला आगेकुचीचा मार्ग. १० जुलैचा हल्ला याच पट्ट्यातला.

समाधी नाही. हिंदू सैनिकांचं शक्य तिथे दहन होई आणि त्यांची नावं स्मारकांवर कोरली जात. ज्यांचं दफन वा दहन कुठे झालं याची नोंद उरली नाही त्यांच्यासाठी कासिनो मेमोरियल आहे. घाडगे यांचं नाव तिथे आहे. हे स्मारक कासिनोच्या युद्धस्मशानभूमीतच उभं आहे, त्यावर इटलीच्या मोहिमेतल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं. लक्षात घ्या, कासिनो रोमच्या दक्षिणेला आणि तिबरचं वरचं खोरं रोमच्या उत्तरेला. नाव कासिनोला आहे म्हणून 'मोन्ते कासिनोच्या लढाईत वीरमरण' असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. ती लढाई मे महिन्यात संपली होती. ही चूक फलकावर येऊ देऊ नका.

तिथे प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी: नावं रेजिमेंटवार, त्यात हुद्द्यानुसार लावलेली असतात. आयोगाच्या नोंदीत पॅनलचा क्रमांक मिळतो, तो आधी लिहून न्या. नाहीतर हजारो नावांत उभं राहून शोधत बसावं लागतं.

दुसरं ठिकाण मोन्तोने. पेरुजा प्रांतातल्या या गावात जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. स्थानिक नगरपालिका आणि इटलीतले युद्धइतिहासाचे अभ्यासक यांच्या पुढाकारातून ते झालं. त्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय 'आपण सारे एकाच सूर्याखाली' असा आहे. फलकाच्या शेवटी एका ओळीत याचा उल्लेख करायला हरकत नाही. माणगावात पुतळा आहे, त्याचाही करा.

जुना_दप्तरी

समितीतल्या सदस्यांच्या हरकतीबद्दल. हरकत गैर नाही, त्यांच्याशी वाद न घालता पुढची माहिती समोर ठेवा.

दुसऱ्या महायुद्धातलं भारतीय सैन्य स्वेच्छेने भरती झालेलं होतं, युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेलेलं. इटलीत समोर हिटलरचं सैन्य होतं. इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्यातल्या सहा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: कमल राम, यशवंत घाडगे, शेरबहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव. त्यांतले घाडगे, थापा आणि गुरुंग यांना मरणोत्तर. नामदेव जाधव आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, १/५ मराठाचे. त्यांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा, सेनिओ नदीवरचा, आणि ते युद्धातून जिवंत परतले. फोटो निवडताना या दोघांची गल्लत होऊ नये, कारण दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघेही इटलीतले आणि बऱ्याच लेखांत दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापलेले असतात.

आणि वारसा इंग्रजांबरोबर गेलेला नाही. ३ री मराठा ही बटालियन पुढे हवाई छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची २ री बटालियन (मराठा) बनली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात तंगाईलला उतरली ती हीच २ पॅरा. घाडगे यांचा पराक्रम या पलटणीच्या इतिहासाचा भाग आहे. सदस्यांना हे सांगून बघा.

'मरणोत्तर' या मुद्द्याचंही थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं की मेल्यावर मोठं पदक सहज देतात. तेव्हा उलट होतं. मिलिटरी क्रॉस, मिलिटरी मेडल अशी मधल्या पायरीची पदकं त्या काळात मरणोत्तर देतच नसत, हा नियम १९७९ मध्ये बदलला. त्यामुळे लढताना मेलेल्या सैनिकासाठी शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे एकीकडे व्हिक्टोरिया क्रॉस आणि दुसरीकडे खलित्यातला (सेनापतीच्या अहवालातला) नुसता नामोल्लेख, मधे जवळपास काही नाही. व्हिक्टोरिया क्रॉससाठी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सह्यांच्या जबान्या लागत. शिफारस बटालियनकडून ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी अशी वर चढे, शेवटी राजाची मंजुरी. प्रत्येक पायरीवर ती खाली उतरवली किंवा नाकारली जाऊ शकत असे. इथे १० जुलै ते २ नोव्हेंबर, म्हणजे चार महिन्यांच्या आत घोषणा झाली.

पदकावर 'मरणोत्तर' असं काही कोरलेलं नसतं. मागे मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख आणि वरच्या पट्टीच्या पाठीवर नाव, हुद्दा, पलटण. तेव्हा फलकावर पदकाच्या मागच्या बाजूचं चित्र काढून त्यात तो शब्द घुसवू नका. मजकुरात 'व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर)' लिहा, पुरे.

अक्षरजुळारी

चौथा प्रश्न माझ्या धंद्याचा.

कोकणातला पाऊस आणि खारी हवा धरून सांगतो. फ्लेक्स एका उन्हाळ्यात उडतो, तो विसरा. पितळी पत्रा सुंदर दिसतो, पण दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो आणि दर सहा महिन्यांनी घासायला माणूस लागतो. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ ग्रेडचं घ्या, साध्या ३०४ ला समुद्राच्या बाजूला तांबूस ठिपके येतात. माझा कौल काळ्या ग्रॅनाइटला. जाडी १८ ते २० मिमी, मजकुराचा भाग पॉलिश केलेला, अक्षरं सँडब्लास्टने (वाळूच्या जोरदार झोताने) किमान दीड मिमी खोल. कमी खोल कोरलं तर भरलेला रंग दोन वर्षांत निघतो आणि अक्षर वाचता येत नाही. रंग पांढरा किंवा फिकट पिवळा. सोनेरी रंग उन्हात काळपटतो.

आकार: १५० शब्दांना ३ बाय ४ फूट लागेल. वाचणारा सहा फुटांवर उभा धरला तर मजकुराच्या अक्षराची उंची शिरोरेषेपासून खाली १४ ते १६ मिमी ठेवा, मथळा ४० मिमी. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, ऋकार असतो. म्हणून दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला चिकटतो. बारीक फाँट घेऊ नका. 'क्त', 'ष्ट', 'द्ध' यांतली पोकळी सँडब्लास्टमध्ये भरून जाते आणि नुसता ठिपका दिसतो.

सगळ्यात जास्त घात होतो फाँट बदलताना. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून पाठवणार. दगडवाल्याकडे जुना श्रीलिपी किंवा कृतीदेव. तो मजकूर बदलून घेतो आणि त्यात हमखास बिघडणारी ठिकाणं ठरलेली: 'ऱ्या' चं 'र्या' होतं, 'क्रॉस' मधला अर्धचंद्र गळतो, 'गॅझेट' चं 'गझेट' होतं, आकडे मधेच इंग्रजी येतात. तुमच्या मजकुरात हे सगळे शब्द आहेत. त्यामुळे मजकूर टाइप करून पाठवू नका. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून घ्या, अक्षरं कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचं रेषांच्या आकृतीत रूपांतर करा) आणि तीच फाइल कटिंगला द्या. कर्व्ह केल्यावर अक्षर बदलूच शकत नाही.

त्याआधी कागदावर पूर्ण आकाराची प्रिंट काढा आणि भिंतीवर जागेवर चिकटवा. दोन माणसांनी मोठ्याने वाचायचं. तिसऱ्याने शेवटच्या शब्दापासून उलट पहिल्यापर्यंत यायचं. उलट वाचताना अर्थ लागत नाही, त्यामुळे डोळा अक्षर बघतो. तारखा आणि आकडे वेगळ्या कागदावर उतरवून मूळ नोंदीशी ताडा. मगच सही करा.

बसवताना फक्त सिमेंटवर भरवसा ठेवू नका. ३ बाय ४ चा दगड पंचावन्न साठ किलोंचा होतो. चार कोपऱ्यांना स्टेनलेसचे अँकर बोल्ट, मागे पाणी साचू नये म्हणून खालची कड मोकळी.

दक्षिण_रायगडकर

सगळ्यांच्या सूचना घेऊन मसुदा असा झाला आहे. कृपया बघा.

'नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर). ३ री बटालियन, ५ वी मराठा लाइट इन्फंट्री. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, पळसगाव-आमडोशी, तत्कालीन कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. वीरमरण १० जुलै १९४४, तिबर नदीचं वरचं खोरं, इटली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन मोर्चावर हल्ला करताना मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या सेक्शनमधले इतर सर्व सैनिक ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मोर्चावर धावून गेले. ग्रेनेडने त्यांनी मशीनगन व ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून जिंकलेल्या मोर्चातच त्यांना मरण आले. वय २२.

त्यांचे नाव इटलीतील कासिनो मेमोरियलवर कोरलेले आहे. मोन्तोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ आहे. सन्मानाची घोषणा: लंडन गॅझेट, २ नोव्हेंबर १९४४.'

पायदळ

चांगला झाला आहे. दोनच दुरुस्त्या. वरच्या भागात 'खोरं' आहे, खाली 'टिपले', 'झाले' अशी प्रमाण रूपं आहेत. दगडावर सगळीकडे एकच ठेवा, 'खोरे' करा. आणि 'घाडगे एकटे मोर्चावर धावून गेले' यात सायटेशनमधला 'क्षणही न दवडता' हा भाग सुटला आहे, तो घाला. निर्णयाचा वेग हाच तर या कृतीचा गाभा.

जुना_दप्तरी

माझ्याकडून एक. गॅझेटच्या ओळीत 'पुरवणी' हा शब्द घाला: 'लंडन गॅझेट, पुरवणी'. गॅझेटच्या संकेतस्थळावर मुख्य अंक आणि पुरवणी वेगवेगळ्या लागतात. पुरवणीच्या माथ्यावर एक तारीख असते आणि प्रसिद्ध झाल्याची तारीख दुसरी, दोन दिवस पुढची. कोणी विद्यार्थी माथ्यावरची ३१ ऑक्टोबर बघून 'फलक चुकला' म्हणत आला, तर त्याला प्रसिद्धीची ओळ दाखवा.